खेड्यातल्या शाळांनी सहल बंद करून मुक्कामी शिबिर घ्यावं का?

खारपाणातला मास्तर (धागा सुरू करणारे)

दिवाळीची सुटी संपली की आमच्याकडे सहलीची चर्चा सुरू होते. मी अमरावती जिल्ह्यात, पूर्णेच्या खारपाणपट्ट्यातल्या एका शाळेत आठवी-नववीला विज्ञान शिकवतो. यंदा शिक्षकांच्या बैठकीत मी मांडलं की नेहमीची सहल नको, तेवढ्याच पैशात दोन रात्रींचं मुक्कामी शिबिर घेऊ. बैठकीत दोन तट पडले, म्हणून इथे मांडतोय.

नेहमीची सहल कशी असते? पहाटे अंधारात एसटी निघते. सेवाग्रामला बापू कुटी रांगेतून बघायची, पवनारला धाम नदीकाठी फोटो, दुपारी नागपूरला दीक्षाभूमी, मग वॉटर पार्क, आणि रात्रभर बसमध्ये झोपत परत. पोरं खूश असतात, ते मी नाकारत नाही. पण दुसऱ्या दिवशी काय पाहिलं विचारलं तर घसरगुंडीच सांगतात. गांधीजी 1936 साली ज्या खेड्यात राहायला आले, 1937 साली ज्या वर्ध्याच्या परिषदेतून नई तालीम, म्हणजे हाताने काम करत शिकणं, पुढे आलं, त्याच ठिकाणी आपण पोरांना कशालाही हात न लावू देता पुढे हाकलतो. मला हे खुपतं.

मागे आम्ही लोणारला मुक्कामी शिबिर नेलं होतं. आमच्या गावच्या विहिरीचं पाणी खारं, त्यामुळे पोरांना वाटायचं खारं पाणी म्हणजे सगळं सारखंच. घरूनच हळदीच्या पाण्यात बुडवून वाळवलेल्या कागदाच्या पट्ट्या नेल्या होत्या. सरोवराच्या काठच्या पाण्यात पट्टी बुडवली तर पिवळ्याची लालभडक झाली. गावच्या पाण्याची बाटली सोबत होती, त्यात पट्टी पिवळीच राहिली. एक मुलगी लगेच म्हणाली, "सर, साबण लागला की हळदीचा डाग असाच लाल होतो." अल्कधर्मी हा शब्द मी फळ्यावर किती वेळा लिहिला असेल, पण त्या दिवशी तो त्यांचा झाला. रात्री उल्केमुळे तयार झालेल्या त्या विवराबद्दल इतके प्रश्न आले की मला झोपा म्हणावं लागलं. 2020 साली पाणी गुलाबी का झालं होतं, त्यावरच पुष्कळ वेळ गेला.

माझं म्हणणं एवढंच: पोरगं घराबाहेर झोपतं, स्वतःच्या गटाची जबाबदारी घेतं, तेव्हा त्याच्यात जो फरक पडतो तो दिवसभराच्या सहलीत पडत नाही. विरोधातलं मत जरूर लिहा.

वणीकडला कास्तकार

सर, राग मानू नका. मी कास्तकार मानूस हावो. तुमचं वाचून मले एकच इचारा वाटलं, हे शिबिर शयरातल्या पोरायसाठी हाये का आमच्या पोरायसाठी? माहा पोरगा नववीत हाये. सकाळी उठून ढोरायले पानी पाजते, सुटीच्या दिवशी फवारनीले पानी आनून देते. पोट्टी सातवीत हाये, ते कापूस येचते आन् सांजच्याले सैपाकबी करते. त्यायले चूल पेटवाले शिकवासाठी मी पैसे भरू का?

तुमी वॉटर पार्कले नावं ठेवता. पन वर्षातला तोच एक दिवस असते, ज्या दिवशी माह्या पोराले कोनी काम सांगत नाही. तो दिवस त्याच्यापासून हिसकू नका. शयरातल्या पोरायले खुशाल न्या श्रमदानाले, त्यायनं कधी घमेलं धरलं नसते. आमच्या लेकरायले थोडं हासू द्या, भिजू द्या.

निवृत्त हेडमास्तर

कास्तकार भाऊंच्या मुद्द्याला माझा पाठिंबा, पण मी वेगळ्या कारणाने शिबिराच्या विरोधात आहे. 1 फेब्रुवारी 2016 ला मुरुडच्या समुद्रात पुण्याच्या कॉलेजची 14 मुलं बुडाली, ते आठवा. त्यानंतर सहलीच्या परवानग्या, पालकांची संमतीपत्रं, शिक्षक किती, शिक्षिका किती, हे सगळं कडक झालं आणि ते व्हायलाच हवं होतं. दिवसाची सहल हेडमास्तर कशीबशी सांभाळतो. मुक्काम म्हटला की रात्र आली. रात्री कुणाचं पोट दुखलं, कुणाला विंचू चावला, तर जवळचं आरोग्य केंद्र किती लांब? एसटीची बस सोडून गेलेली असते. गाडी कुठून आणायची?

मी नोकरीत असताना सहलीच्या रात्री डोळ्याला डोळा लागत नसे. मुलं वाढावीत हे मलाही वाटतं. पण प्रत्येक पोर धडधाकट घरी पोचवणं हे पहिलं काम, बाकी सगळं त्याच्यानंतर. तरुण शिक्षकांच्या उत्साहात हे राहून जातं, म्हणून स्पष्ट लिहितो.

मोर्णाकाठ

हेडमास्तर सरांची काळजी खरी आहे. पण मुक्कामाने जे होतं ते दिवसाच्या सहलीने होणारच नाही, असा माझाही अनुभव आहे. आमच्या गावात दोन वस्त्या. शाळेत पोरं एका बाकावर बसतात, पण डबे अजूनही आपापल्या वस्तीच्या पोरांतच उघडतात. शिबिरात गट पाडले होते चिठ्ठ्या टाकून. एका गटाने पाणी भरायचं, एकाने स्वयंपाक, एकाने वाढायचं, आणि दुसऱ्या दिवशी पाळी बदलायची. पहिल्या रात्री पंगतीत दोन-तीन पोरं उगाच पोट भरलंय म्हणत उठली. कारण काय ते आम्हाला कळलं, त्यांनाही कळलं की आम्हाला कळलंय. कुणी काही बोललं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळपासून डोंगर चढून आली, तेव्हा त्याच पोरांनी त्याच हातचं वाढलेलं दोनदा मागून खाल्लं.

परत आल्यावर एका घरून तक्रार आली, तेही सांगते. आम्ही ऐकून घेतली आणि गट पाडायची पद्धत तीच ठेवली. एसटीच्या सीटवर शेजारी बसून हे होत नाही हो. त्याला एका ताटलीत जेवावं लागतं, एका सतरंजीवर झोपावं लागतं.

झाडीची लेक

माझं मत दोन्ही बाजूंहून वेगळं आहे. मी ब्रह्मपुरीकडची. आमच्या शाळेने एकदा, फक्त एकदाच, मुंबईची सहल काढली होती. आम्ही जंगलाच्या कडेला राहणाऱ्या पोरी. मोहफूल, तेंदूपत्ता, वाघाची भीती, हे सगळं आम्हाला घरबसल्या मिळालेलं. जंगलात कसं चालायचं हे आमच्या आईने शिकवलं, कुठल्या शिबिराने नाही.

मुंबईत मी पहिल्यांदा स्वतः तिकीट काढलं. पहिल्यांदा जिना सरकताना पाहिला आणि त्यावर पाय ठेवायला घाबरले, मागून लोक ओरडले, तरी ठेवला. संग्रहालयात आमच्याहून थोड्याच मोठ्या मुली वही घेऊन काहीतरी काढत बसल्या होत्या. मी एकीला विचारलं तू कुठली. ती म्हणाली लातूरकडची, इथे वसतिगृहात राहते. खेड्यातली मुलगी मुंबईत एकटी राहून शिकू शकते, हे मला तोवर ठाऊकच नव्हतं. आज मी नागपुरात नोकरी करते, भाड्याने खोली घेऊन राहते. घरी तो विषय काढायची हिंमत त्या सहलीतून आली.

तेव्हा खेड्यातल्या पोरांना पुन्हा खेडंच दाखवू नका, ही हात जोडून विनंती. लोणार, मेळघाट चांगलंच आहे. पण पुढे ज्या जगात त्यांना स्पर्धा करायची आहे, तिथले रस्ते कोण दाखवणार? शहरातल्या पोरांचे आईबाप दाखवतात. आमच्या पोरांना शाळेशिवाय कोणी नाही.

खारपाणातला मास्तर

सगळं नीट वाचलं. कास्तकार भाऊंना आधी उत्तर देतो, कारण त्यांचा मुद्दा सगळ्यांत वजनदार आहे.

भाऊ, पोराला काम शिकवायला शिबिर नकोच. ते तुम्ही शिकवलेलंच आहे. पण त्या कामाची शाळेत किंमत किती होते? शून्य. आमच्या नववीत एक मुलगा आहे, वाचताना अडखळतो, म्हणून मागच्या बाकावर गप्प बसतो. शिबिरात रोडगे करायचे ठरले. वारा सुटलेला, गोवऱ्या दमट, आणि पहिल्या बाकावरची हुशार पोरं काडीपेटी संपवत बसली. हा पठ्ठ्या उठला, वाऱ्याच्या बाजूला दोन दगड लावले, गोवऱ्या आडव्या-उभ्या रचून मध्ये पोकळी ठेवली आणि खालून पेटवलं. निखारे कधी पसरायचे, रोडगे केव्हा पालटायचे, राख कशी झटकायची, हे सगळी पोरं त्याला विचारत होती. वांग्याच्या भाजीत मीठ किती, तेही त्यालाच. परत आल्यावर महिनाभरात तो प्रयोगशाळेत आपणहून पुढे यायला लागला. वाचन अजून अडखळतंच, पण आता वर्गात हात वर करतो. घरी जे काम कुणी मोजत नाही, ते तिथे वर्गासमोर मोजलं गेलं. ही संधी मला तुमच्या पोरालाही द्यायची आहे.

आणि हसण्या-भिजण्याचं म्हणाल तर ते पूर्ण मान्य. शिबिरात अर्धा दिवस काहीही न सांगता मोकळा सोडायलाच हवा.

झाडीच्या ताई, तुम्ही लिहिलेलं मी बैठकीत वाचून दाखवणार आहे. माझी अडचण फक्त पैशाची. लांबच्या सहलीला एसटी निम्म्या भाड्यात मिळाली तरी राहणं-जेवण धरून रक्कम एवढी होते की वर्गातली निम्मीच पोरं जातात. उरलेली पोरं ते दिवस रिकाम्या वर्गात काढतात. गेलेले परत येऊन फोटो दाखवतात, तेव्हा न गेलेल्यांची तोंडं मी पाहतो. जे सगळ्यांना नेता येत नाही ते शाळेने करावं का, हा माझ्यापुढचा खरा प्रश्न आहे.

अंगणवाडीतली ताई

मी आई म्हणून लिहिते. मुलींना मुक्कामी पाठवायला घरचे नाही म्हणतात, त्यामागे दरवेळी जुनाट विचारच असतो असं समजू नका. सातवी-आठवीच्या मुलींना पाळी आली तर संडास कुठे, पाणी आहे का, दाराला कडी आहे का, रात्री उठायचं झालं तर सोबत कोण, हे कुठल्याच संमतीपत्रात लिहिलेलं नसतं. लिहा ना. "मुक्कामाच्या जागी मुलींसाठी कडी लागणारी इतकी स्वच्छतागृहं, सोबत अमुक बाई" असं कागदावर दिलंत तर आमच्या वस्तीतल्या निम्म्या आया सही करतील. बाबा मंडळींना आम्ही समजावू. मास्तर लोक दर्शनी स्थळांची यादी देतात, आम्हाला ही यादी हवी असते.

निवृत्त हेडमास्तर

ताईंनी सांगितलं ते सोळा आणे खरं. आमच्या काळी हे विचारलंच जात नव्हतं. मी अजूनही लांबच्या मुक्कामाच्या विरोधात आहे, पण एक करता येईल. पहिला मुक्काम शाळेतच घ्या. वर्गखोल्या आहेत, संडास आहेत, पालक हाकेच्या अंतरावर आहेत. 2020 च्या शैक्षणिक धोरणात सहावी ते आठवीला दप्तराविना 10 दिवस सांगितलेत, त्यातले दोन यात बसवा. रात्री आकाशदर्शन ठेवा. खारपाणात झाडी कमी, आकाश मोकळं. शाळेतली रात्र शिक्षकांना सांभाळता आली, तर पुढच्या वर्षी लोणार.

झाडीची लेक

मास्तर, सगळ्यांना नेता येत नसेल तर नेऊच नये, हे मला पटत नाही. सगळ्यांना कसं नेता येईल यावर डोकं लावा. गावात सप्त्याला, भंडाऱ्याला वर्गणी जमते. तशी पोरांच्या सहलीला का जमू नये? माजी विद्यार्थ्यांना विचारा. मी माझ्या शाळेच्या एका मुलीचा खर्च उचलायला तयार आहे, आणि माझ्यासारख्या बऱ्याच असतील. फक्त कुणाचे पैसे कुणी भरले हे वर्गात कळू देऊ नका. आमच्या वेळी फी माफ असलेल्यांची नावं मोठ्याने वाचायचे, ते अजून डोक्यातून गेलेलं नाही.

वणीकडला कास्तकार

सर, त्या रोडगेवाल्या पोराचं वाचलं. माहाबी पोरगा वाचतानी अटकते, म्हनून दोनदा वाचलं. पाठवीन म्हनतो. पन माह्या दोन गोष्टी आयका. शिबिर कापूस येचनीच्या टायमाले ठिवू नका, तवा घरी एकेक हात लागते आन् पोरगं शिबिरात असलं तरी त्याचं ध्यान वावरातच राह्यते. संक्रांत झाल्यावर ठिवा, येचनी सरत आलेली असते. दुसरं, ह्या वर्षी शिबिर घेतलं त फुडच्या वर्षी मुंबई दाखवा. पोट्टीलेबी. झाडीच्या ताईचं म्या घरी वाचून दाखवलं, तवापासून ते इचारून राह्यली का सरकता जिना कसा असते.

खारपाणातला मास्तर

तारखेचं भाऊंचं म्हणणं एकदम बरोबर, डिसेंबरचा हट्ट सोडतो. शनिवारच्या बैठकीत हे मांडतो: जानेवारीच्या शेवटी शाळेतच एक रात्र, अंगणवाडीच्या ताईंची यादी संमतीपत्रात छापून. ते नीट पार पडलं तर पुढच्या वर्षी आठवीला लोणार आणि नववीला मुंबई. मुंबईसाठी वर्गणीची पेटी यंदापासूनच. हेडमास्तर सर, त्या रात्री तुम्ही आमच्या शाळेत मुक्कामाला याल का? तुम्ही सोबत असलात तर आमच्या मुख्याध्यापकांची सही लवकर मिळेल.