'बीहड'ला मराठीत काय म्हणायचं?

खानापूरकर: एका हिंदी लेखाचं भाषांतर करूलोय. 'चंबल के बीहड' इथं अडलोय. 'चंबळच्या दऱ्या' लिहिलं, तर बाबांनी खोडलं. "दरी म्हणजे चोर्ल्याच्या घाटातनं खाली दिसते ती. चंबळकाठच्या भिंड-मुरैन्याच्या सपाटीवर दरी कुठली?" पटलं. मग काय लिहू?

निपाणीची लेक: घळ.

गोकाकवाला: घळ दगडातली असते ओ. शिवथरघळ तर गुहाच आहे. बीहड म्हणजे नदीनं आणून टाकलेल्या गाळाच्या मातीला पावसानं पाडलेल्या चिरा. त्या नदीकडनं वर, गावाकडं कुरतडत जातात. पिकाची जमीन गिळतात. आमची घटप्रभा 52 मीटर उडी घेते, पण खडकावरनं. तिथं असलं काही होत नाही.

चिकोडी: आमची आजी ओघळीला 'वगळ' म्हणायची. "म्हस वगळीत उतरलीय बघ."

खानापूरकर: वगळीत म्हस मावली. डाकूंची टोळी मावंल काय?

गोकाकवाला: कन्नडात असल्या चिरेला कोरकलु म्हणतात. त्यातलं 'कोर' म्हणजे आपलं 'कोरणं'.

चिकोडी: शेवटचं 'कलु' ऐकून मला कन्नड कल्लु, म्हणजे दगडच आठवला. फिरून दगडातच आलात की!

टिळकवाडी: बीहडच ठेवा. सगळ्यांना कळतं.

निपाणीची लेक: दुकानाच्या पाटीवरच्या मराठीसाठी भांडायचं आणि लिहिताना हिंदीतनं उसनं आणायचं? बरं आहे.

गोकाकवाला: सुपारी कशानं कातरता? अडकित्ता कन्नडच आहे.

निपाणीची लेक: तो घरातला झाला. बीहड अजून उंबऱ्याबाहेर उभा आहे.

चिकोडी: माझे मामा मराठा लाइट इन्फंट्रीत, ग्वाल्हेरला होते. ते सांगतात, तिथली माणसं त्याला 'भरका' म्हणतात. बीहड म्हणजे तो सगळा मुलूख, भरका म्हणजे त्यातली एकेक चीर. म्हणजे शब्द दोन पाहिजेत.

खानापूरकर: एकाचीच पंचाईत होती, आता दोन!

टिळकवाडी: आणि चंबल लिहा, चंबळ नको.

निपाणीची लेक: का म्हणून? मराठीत ळ आहे, वापरा.

खानापूरकर: ते राहू दे. पुढच्याच ओळीत 'घड़ियाल' आहे. मगर चालंल?

चिकोडी: छे! लांब तोंडाची ती सुसर. मासे खाते, माणसाच्या वाटेला जात नाही.

गोकाकवाला: मग यडूरकडं कृष्णेत दिसते ती कोण? तिलाही लोक सुसरच म्हणतात.

चिकोडी: ती मगर. लोक चुकतात.

गोकाकवाला: नदीकाठचे चुकतात आणि तुम्ही बरोबर?