अरारात तुर्कस्तानात, मग आर्मेनियाच्या राजचिन्हावर कसा?

जिज्ञासू: आर्मेनियाच्या राजचिन्हाच्या मधोमध अरारात पर्वत आहे आणि हवा स्वच्छ असली की राजधानी येरेवानमधून तो समोरच दिसतो, नकाशात मात्र तो पूर्णपणे तुर्कस्तानच्या हद्दीत आहे. ही सरहद्द केव्हा व कोणी ठरवली, आणि या चिन्हाला तुर्कस्तानने कधी हरकत घेतली नाही का? जाणकारांनी कृपया सांगावे.

नकाशावाचक: १८२८ च्या तुर्कमेनचायच्या तहाने इराणने येरेवानचा मुलूख रशियाला दिला आणि अराराताचे उत्तरेकडील उतार झारच्या राज्यात आले. पुढच्याच वर्षी निसर्गशास्त्रज्ञ फ्रीडरिश पॅरट यांच्यासोबत, पुढे लेखक म्हणून नावाजलेले खाचातुर अबोव्यान शिखरावर पोहोचले. झारशाही कोसळल्यावर हा भाग अल्पकाळ स्वतंत्र आर्मेनियाकडे होता, परंतु १९२० च्या युद्धात तुर्की फौजांनी तो घेतला आणि मार्च १९२१ च्या मॉस्को तहाने व ऑक्टोबरमधील कार्सच्या तहाने त्यावर शिक्कामोर्तब झाले. कार्सच्या तहावर सोव्हिएत आर्मेनियाची सही आहे खरी, पण निर्णय तिच्या हाती उरला नव्हता, असे माझे मत आहे.

हरकतीविषयी एक किस्सा सांगितला जातो. तुर्कस्तानने तक्रार केली तेव्हा सोव्हिएत परराष्ट्रमंत्री चिचेरिन यांनी विचारले म्हणे, की तुर्की ध्वजावर चंद्रकोर आहे, तर चंद्र आपल्या मालकीचा आहे काय? किस्सा चोख आहे. पुरावा म्हणून मात्र तो वापरू नये.

सीमावासी: वरील उत्तरात कुर्द राहून गेले, आणि ते नेहमीच राहतात. १९२७ मध्ये खोयबून या संघटनेने याच परिसरात अरारात प्रजासत्ताक घोषित केले व इहसान नुरी यांनी लढ्याचे नेतृत्व केले. धाकट्या अराराताचा (याच पर्वताच्या लहान शिखराचा) पूर्व उतार तेव्हा इराणकडे असल्याने बंडखोरांना तिकडून ये-जा करता येई. १९३० मध्ये बंड मोडल्यावर तुर्कस्तानने १९३२ च्या करारात दुसरीकडची जमीन देऊन तो उतार इराणकडून घेतला. म्हणजे जिज्ञासू म्हणतात तसा 'पूर्णपणे' तुर्कस्तानात हा पर्वत १९२१ मध्ये नव्हे, तर त्यानंतर आला.

नकाशावाचक: ही भर मोलाची आहे, आभारी आहे.

जुना वाचक: हे चिन्ह केवळ गमावलेल्या पर्वताची स्मृती आहे, त्यात जमिनीवरचा दावा नाही, असे कोणी म्हणेल, तर ते मला पुरते पटत नाही. १९९० च्या स्वातंत्र्य घोषणापत्रात 'पश्चिम आर्मेनिया' (म्हणजे आजचा पूर्व तुर्कस्तान) हा उल्लेख आहे आणि राज्यघटनेची प्रस्तावना त्या घोषणापत्राचा आधार घेते. त्यामुळे अंकाराला, म्हणजे तुर्कस्तान सरकारला, त्यात दावा दिसला, तर तो निव्वळ कांगावा ठरत नाही. २००९ मध्ये दोन्ही देशांच्या झ्युरिकला सह्या झालेल्या करारांत विद्यमान सरहद्दीला परस्पर मान्यता होती, परंतु त्यांना संसदांची मंजुरी मिळाली नाही आणि २०१८ मध्ये आर्मेनियाने ते रद्द केले. त्याआधी १९९३ मध्ये, आर्मेनिया व अझरबैजान यांच्यातील काराबाखच्या युद्धात, तुर्कस्तानने ही सरहद्द बंद केली होती. त्यानंतर कित्येक वर्षे येरेवानच्या माणसाला डोळ्यांसमोरच्या पर्वतापाशी जायचे तर जॉर्जियामार्गे वळसा घ्यावा लागला.