सायलेन्सर बदलल्यापासून बुलेट ठो ठो करतेय, कार्ब (कार्बुरेटर) कसा लावायचा?

कास्ट_आयर्न_९६:
मंडळी, जरा मदत करा. वडिलांची १९९६ ची स्टँडर्ड ३५० आहे. पॉइंटवाली (जुन्या इग्निशनची), कार्ब मिककार्बचा व्हीएम२४. मागच्या महिन्यात कंपनीचा सायलेन्सर सडला म्हणून आखूड बाटलीचा, आत जाळी नसलेला लावला. आवाज भारी आहे, पण पीळ (अ‍ॅक्सिलरेटर) सोडला की मागून ठो ठो. आजऱ्याहून आंबोली घाट उतरताना तर सगळ्या वळणांवर माकडं पळाली. ६५ च्या पुढे गाडी ओढत नाही, आणि बेंड पाईप (इंजिनातून सायलेन्सरकडे जाणारा) हेडपासून वीतभर निळा पडलाय. प्लग काढला तर खडूसारखा पांढरा.

गॅरेजवाला म्हणाला पेट्रोल कमी जातंय, आणि कार्बचा स्क्रू अडीच आटे बाहेर काढून दिला. त्यानंतर ठो ठो कमी व्हायच्या ऐवजी वाढलंय. माझं काय चुकतंय?

फुल्ल_पीळ:
११० चा मेन जेट (कार्बातली पेट्रोल सोडणारी भोकाची पुळी) टाक, विषय संपला.

जुना_पाना:
११० टाकू नको. थेट एवढी उडी मारलीस तर काळा धूर ओकेल, पेट्रोल पिईल आणि पुन्हा इथंच विचारायला येशील.

भावा, गॅरेजवाल्याचं निदान बरोबर, औषध उलटं. व्हीएम२४ वर दोन स्क्रू असतात. पिळाबरोबर वर-खाली होणाऱ्या स्लाइडला खालून उचलून धरतो तो आयडलचा, म्हणजे पीळ न देता इंजिन चालू ठेवणारा. दुसरा हवापेटीच्या अंगाला असतो, तो हवेचा. त्यातून पेट्रोल जात नाही, हवा जाते. म्हणजे बाहेर काढलास की हवा वाढते आणि मिश्रण आणखी पातळ होतं. ज्या कार्बात हा स्क्रू इंजिनाच्या बाजूला असतो, तिथे बाहेर काढल्यावर पेट्रोल वाढतं. त्या गाड्यांवर हात बसलेला माणूस बुलेटवर हमखास फसतो. मी स्वतः एक अख्खा पावसाळा असाच घालवलाय, म्हणून सांगतोय.

आधी गाडी चांगली गरम कर. हवेचा स्क्रू हलक्या हाताने पूर्ण आत घे. आवळू नको, टोक चेपलं तर कार्ब कायमचा हटवादी होतो. तिथून दीड आटा बाहेर काढ. मग चिमूटभर इकडे, चिमूटभर तिकडे फिरव. आयडल जिथे सगळ्यात चढतं तिथे थांब आणि आयडलच्या स्क्रूने ते खाली आण. पाऊण आट्याच्या आत जाऊनही चढतच राहिलं, तर पायलट जेट (आयडलचं पेट्रोल सोडणारा छोटा जेट) तुंबलाय किंवा लहान पडतोय.

पण या स्क्रूची सत्ता पाव पिळापर्यंतच. मधल्या पिळात स्लाइडला लटकलेली सुई बोलते, पाऊणच्या पुढे मेन जेट. तुझं ६५ ला अडणं स्क्रूने सुटणार नाही. रिकाम्या सरळ रस्त्यावर पूर्ण पीळ दे आणि मग किंचित मागे घे. मागे घेताना गाडी क्षणभर उचलल्यासारखी वाटली, तर मेन जेट लहान आहे. तुझ्यात ९० चा असेल. ९२.५ घाल, मग वाटलंच तर ९५. एका वेळी एकच गोष्ट बदल, नाहीतर कशाने काय झालं ते देवालाही कळणार नाही. मधल्या पिळात धक्के असतील तर सुईची क्लिप एक खाच खाली सरकव, म्हणजे सुई वर येते आणि पेट्रोल वाढतं.

दर वेळी प्लग बघ. तिसऱ्या गिअरात किलोमीटरभर पूर्ण पीळ, मग क्लच दाबून तिथेच किल्ली बंद. आयडलवर घरापर्यंत आणून बघितलेला प्लग आयडलचीच गोष्ट सांगतो. रंग विटकरी हवा.

आणि या सगळ्याच्या आधी बेंड पाईप हेडला बसतो तो सांधा बघ. तिथे काळी रेघ आहे का? पीळ सोडल्यावर अर्धवट जळलेलं पेट्रोल तापलेल्या पाईपात जातं. सांध्यातून ताजी हवा आत ओढली गेली की ते तिथेच पेटतं. सांधा गळत असेल तर जेट कितीही बदल, ठो ठो राहणारच. ओल्या फडक्याने सायलेन्सरचं तोंड क्षणभर दाब, सांध्याशी फुस्स ऐकू येईल.

घाटाखाली:
दोन गोष्टी जोडतो. मी सावंतवाडीचा. आंबोली साधारण ६९० मीटरवर आहे आणि खाली आलं की समुद्र जवळ. खाली हवा दाट, म्हणजे वर जेमतेम जुळलेलं मिश्रण इकडे आणखी पातळ पडतं. त्यामुळे शेवटचा प्लग कोकणात उतरून बघा.

दुसरं, जेटचं भोक तारेने मोठं करून देणारे महाभाग आहेत, त्यांच्या हातात कार्ब देऊ नका. बाजारात ९५ छापलेले नकली जेटही मिळतात. जुन्याशेजारी उजेडात धरून भोक बघा. आणि पोलीस असले सायलेन्सर रोडरोलरखाली घालतात, तेव्हा आत जाळी बसवून घ्या. बसवली की जेट पुन्हा तपासावा लागेल.

कास्ट_आयर्न_९६:
जुना पाना दादा, पाया पडतो. सांध्यावर काळी रेघ होती, करंगळीएवढी जाड! फडकं लावल्यावर तिथून फुस्स आवाजही आला. पॅकिंग घालून क्लॅम्प आवळला, तेवढ्यानेच अर्धं ठो ठो गेलं. स्क्रू सव्वा आट्यावर बसला. ९२.५ मिळाला नाही, ९५ घातला, आणि काल संकेश्वर रस्त्यावर ८० ला न अडखळता गेली. प्लग एका बाजूला विटकरी, दुसरीकडे थोडा काळपट. क्लिपला हात लावला नाही. लांब उतारावर अजून एखाददुसरा ठो येतो.

जुना_पाना:
काळपट बाजू चालेल, पांढरी नको. उतारावर एखादा ठो येणारच, रिकाम्या पाईपाची जातच ती. बेंडचा निळा जाणार नाही, तो आता दागिना समज. ९० चा जेट टाकला नाहीस ना? जाळीवाला सायलेन्सर आणलास की तोच लागेल.

कास्ट_आयर्न_९६:
ठेवलाय. आईच्या मोहरीच्या डबीत होता, तिने फोडणीच्या वेळी शोधून दिला.