राज्याचे रस्ता-सुरक्षेचे लक्ष्य ‘जैसे थे’ असेल, तर एमपीओने ते मान्य करावे का?

प्रश्न
नमस्कार. अमेरिकेत आमच्या भागाच्या महानगर नियोजन संस्थेच्या, म्हणजे एमपीओच्या, नागरिक सल्लागार समितीवर मी यंदापासून काम करतो. रस्ता-सुरक्षेची पाच मोजमापे आहेत: मृत्यूंची व गंभीर जखमींची संख्या, दहा कोटी वाहन-मैलांमागे या दोन्हींचे प्रमाण, आणि पादचारी व सायकलस्वारांमधील मृत व गंभीर जखमींची एकत्रित संख्या. राज्याने मृत्यूंचे लक्ष्य पाच वर्षांच्या सरासरीइतकेच ठेवले आहे. एमपीओने १८० दिवसांत ते स्वीकारायचे किंवा स्वतःचे ठरवायचे असते. इतकी माणसे यंदाही मरतील असे गृहीत धरणाऱ्या आकड्याला हात वर करणे मला जड जाते. जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

प्रतिसाद १
आपली अस्वस्थता रास्त आहे, पण तो आकडा मुळात लक्ष्य नसून अंदाज असतो. देशात २०१९ मध्ये रस्त्यांवर सुमारे ३६ हजार, तर २०२१ मध्ये सुमारे ४३ हजार मृत्यू झाले, आणि सरासरी पाच वर्षांची असल्यामुळे असे एक वाईट वर्ष पुढे बराच काळ हिशेबात राहते. शिवाय पाचपैकी किमान चार मोजमापांत राज्याने लक्ष्य गाठावे किंवा मूळ पातळीपेक्षा सुधारणा दाखवावी लागते; तसे झाले नाही, तर सुरक्षा-निधीच्या वापरावर बंधने येतात. म्हणून अधिकारी सावध आकडा निवडतात. एमपीओवर अशी कारवाई होत नाही. प्रत्येक मोजमापाचा निर्णय स्वतंत्रपणे घेता येतो, तेव्हा पादचारी-सायकलस्वारांपुरते तरी स्वतःचे लक्ष्य ठेवा. मात्र लहान भागात वार्षिक संख्या फार वर-खाली होते, याची समितीला आधीच कल्पना द्या.

प्रतिसाद २
मोजमापाची व्याख्याही तपासून पाहा. उदाहरणार्थ, प्रवासवेळेच्या खात्रीशीरपणासाठी ८०व्या शतमकाच्या वेळेला (शंभरातले ८० प्रवास जिच्या आत होतात) मध्यकाच्या वेळेने (निम्मे प्रवास जिच्या आत होतात) भागतात आणि उत्तर १.५० पेक्षा कमी आले की रस्ता खात्रीशीर ठरतो. त्यामुळे जिथे रोज सारखीच कोंडी असते, तो रस्ताही सहज उत्तीर्ण होतो.

प्रतिसाद ३
पुण्याहून लिहीत आहे. केंद्रीय नगरविकास मंत्रालयाच्या २००९ च्या नागरी वाहतूक सेवा-मानकांत हजार लोकसंख्येमागे ०.६ किंवा अधिक बस असल्या की त्या निकषावर शहराला पहिली श्रेणी मिळते. पण थांब्यावर उभ्या असलेल्या माणसाला बसची किती वाट पाहावी लागली, हे त्या आकड्यातून कळत नाही. लक्ष्य कोणतेही असो, ते कोणत्या कामांनी गाठणार हे त्यासोबत लिहून घ्या.

प्रश्नकर्ता
आभारी आहे. पादचारी-सायकलस्वारांचे लक्ष्य वेगळे ठेवण्याचा ठराव पुढच्या बैठकीत मांडतो, आणि चार वर्षांच्या प्रकल्प-यादीतील कोणते चौक व कोणते पदपथ त्याला हातभार लावतील, याचे टिपण सोबत जोडतो.