१/१६ टायगर: हेंग लाँग की तामिया?

प्रश्न: रिमोटवरचा टायगर १ (दुसऱ्या महायुद्धातला जर्मन रणगाडा) घ्यायचाय, मूळच्या १/१६ आकाराचा, चालवणार अंगणातल्या मातीत. हेंग लाँग आणि तामिया या दोन कंपन्यांपैकी तामिया कितीतरी महाग आहे. तेवढा फरक पडतो का?

उत्तर १: मातीसाठी हेंग लाँगच घ्या, पण धातूच्या गिअरबॉक्सचा. सर्वांत स्वस्त आवृत्तीत गिअर आणि पट्टे (चाकांभोवती फिरणारी साखळी) प्लास्टिकचे असतात. बरेच जण आधी धातूचे पट्टे चढवतात, इथेच घोळ होतो. वजन वाढतं, जागच्या जागी वळताना सगळा जोर प्लास्टिकच्या दात्यांवर येतो आणि ते तुटतात. आधी गिअरबॉक्स बदला, मग पुढची दातेरी चाकं, पट्टे शेवटी.

उत्तर २: पट्टा निसटत असेल तर मागचं आयडलर चाक (पट्टा ताणून धरणारं) थोडं मागे घ्या. फार ताणू नका, मोटर तापते. टायगरचा पट्टा वरून किंचित लोंबून चाकांवर टेकलेलाच हवा. मातीतून आणल्यावर ब्रशने झाडा. ग्रीसमध्ये अडकलेली वाळू गिअर खाते.

उत्तर ३: तामिया म्हणजे स्वतः जोडायचा किट. बांधणीतच मजा वाटत असेल तर पैसे वसूल: तोफ डागल्याची नक्कल होताना तोफेची नळी मागे सरकते, आख्खा रणगाडा हिसका खातो. रिमोट, ७.२ व्होल्टची बॅटरी, चार्जर पेटीत आहेत का, हे आधी विचारा.