पुणे ते पणजी सायकलने, देणगीसाठी. दोन महिन्यांत तयारी होईल का?

मीठभाकर:
नमस्कार मंडळी. वय ४७, नोकरी बँकेत, राहणार सिंहगड रोड. थॅलेसेमिया असलेल्या मुलांच्या उपचारांचा खर्च उचलणारी एक संस्था आहे. तिच्यासाठी डिसेंबरात आम्ही पंधरा-वीस जण पुण्याहून पणजीला सायकलने निघणार. मुक्काम सातारा, कोल्हापूर, आंबोली, चौथ्या दिवशी पणजी. सोबत टेम्पो आहे. प्रत्येकाने निदान २५ हजार रुपये जमवायचे. मी नाव दिलंय आणि तेव्हापासून नणंदेपासून वॉचमनकाकांपर्यंत सगळे एकच विचारतात, "जमेल का तुला?"

सायकल हायब्रिड, टायर ७००×३५, गिअर २४. रोज सकाळी खडकवासल्यापर्यंत जाऊन येते. परवा पानशेतला जाऊन आले, ऐंशीच्या आसपास झाले. पाय ठीक होते, पण दुसऱ्या दिवशी बँकेतल्या खुर्चीवर बसवेना. सिंहगड चढायचा सराव करू का? जिम लावू का? आणि लोकांकडे पैसे मागायचे कसे, हा तर वेगळाच घाट आहे.

पंक्चरवाला:
ताई, माझं कराडला सायकलचं दुकान आहे. थंडीत गोव्याला जाणारे गट इथूनच जातात, आणि बऱ्याचदा हत्यारांची पेटी घेऊन मी त्यांच्या टेम्पोत असतो. त्यामुळे कोण कुठे गळतं ते मागच्या काचेतून बघितलंय.

पहिल्या दिवशी टेम्पोत कुणी बसत नाही. पुणे-सातारा ११० किलोमीटर, खंबाटकी चढल्याचे फोटो, सगळे खूश. टेम्पो भरतो तो दुसऱ्या दिवशी, उंब्रज ओलांडायच्या आत. यात तरुण, जिमवाले, भारी सायकलवाले जास्त. कारण त्यांनी महिनाभर दर रविवारी एक मोठी राइड केलेली असते आणि सोमवारी आराम. दुखऱ्या अंगाने पुन्हा सीटवर बसायची सवयच नसते.

म्हणून शनिवार-रविवार जोडून चालवा. आत्ता शनिवारी ६०, रविवारी ४५. दर आठवड्याला थोडं थोडं वाढवत नोव्हेंबरच्या शेवटी शनिवारी १०० आणि रविवारी ७०-८०. दर चौथ्या आठवड्याला निम्म्यावर या, तेवढ्यात शरीर भरून काढतं. निघायच्या आधीचे आठ-दहा दिवस नुसतं पाय मोकळे करण्यापुरतं. अधल्यामधल्या दिवशी तुमचं खडकवासला आहेच. जिमचे पैसे वाचवा, चांगल्या पॅडच्या दोन चड्ड्या घ्या.

सिंहगडाच्या नादाला लागू नका. हौस असेल तर जा, पण या प्रवासाला त्याची गरज नाही. खंबाटकी त्याच्यापुढे किरकोळ आहे. जुना कात्रज घाट चढून शिरवळपर्यंत जा आणि परत या, शंभराच्या आसपास होतात, चढ-उतार सगळे मिळतात. वेग असा ठेवा की शेजारच्याशी पूर्ण वाक्य बोलता आलं पाहिजे. धाप लागून "हं… हो…" एवढंच निघायला लागलं की एक गिअर हलका करा.

आता रस्ता. साताऱ्यापासून कागलपर्यंत सहापदरीकरणामुळे मध्येच सेवा रस्त्यावर उतरवतात, तिथे खडी असते. डिसेंबर म्हणजे उसाचा हंगाम. दोन ट्रॉल्या जोडलेला ट्रॅक्टर, मागे ना दिवा ना रिफ्लेक्टर, वर गाणी फुल्ल. पहाटे अंधारात तो दिसेपर्यंत तुम्ही त्याच्या उसात शिरलेल्या असता. उजाडल्याशिवाय हायवेवर येऊ नका. संयोजक म्हणाले साडेपाचला निघू, तर भांडा.

दुसरं, तारा. ट्रकचे टायर फुटतात, त्यातल्या पोलादी तारा रस्त्याच्या कडेला पसरतात. केसासारखी बारीक तार, टायरमधून आत येते आणि बाहेरून काही दिसत नाही. माणसं ट्यूब बदलतात, दोन किलोमीटरवर पुन्हा हवा गुल. ट्यूब काढली की टायरच्या आतून कापसाचा बोळा फिरवायचा. जिथे धागा अडकेल तिथे तार. नखाने निघत नाही, भुवयांचा चिमटा जवळ ठेवा. हे घरी बसून चार वेळा करून बघा, टेम्पो कायम तुमच्या मागेच असेल असं नाही.

आंबोलीचा उतार चौथ्या दिवशी सकाळी आहे. दाणोलीपर्यंत ब्रेक सतत धरून ठेवू नका. वळणाआधी दाबा, वेग कमी करा, सोडा. निघायच्या आधी ब्रेकचे रबर आणि चेन मात्र कुणाकडून तरी तपासून घ्या.

गोधडी:
पंक्चरवाले दादांचं पटलं. मी फिजिओथेरपिस्ट आहे, त्यामुळे बसण्याबद्दल बोलते, कारण त्यावर आपल्याकडे बायका बोलत नाहीत आणि गपचूप सोसतात. पॅडच्या चड्डीच्या आत काहीही घालायचं नाही. शिवण घासते, फोड येतात. सीटची उंची बघा: टाच पेडलवर ठेवून पाय पूर्ण सरळ झाला पाहिजे. कंबर डावी-उजवी डुलत असेल तर सीट उंच आहे. बधिरपणा येत असेल तर सीटचं नाक जरासं खाली करा. मऊ जेलचं कव्हर मात्र अजिबात नको, लांबच्या अंतराला ते त्रासच वाढवतं.

खाणं भूक लागायच्या आधी. तासाला साधारण ३० ते ६० ग्रॅम कार्बोहायड्रेट. मध्यम केळ्यात २५ ग्रॅमच्या आसपास असतं, म्हणजे केळं आणि एखादा राजगिऱ्याचा लाडू. मिसळीचा मोह कोल्हापूरच्या मुक्कामापर्यंत आवरा. ओआरएसची मोठी पुडी एक लिटर पाण्यासाठी असते, अर्ध्या बाटलीत ओतून घट्ट करू नका. आणि सरावाला सुरुवात करायच्या आधी हिमोग्लोबिन, बीपी, शुगर बघून घ्या. आपल्या वयात हिमोग्लोबिन कमी असलं की माणूस सरावाला दोष देत बसतो.

खर्डेघाशी:
पैशांचं मी सांगतो. स्वतःच्या खात्यावर एक रुपयाही घेऊ नका. संस्थेचा खाते क्रमांक किंवा क्यूआर पाठवा, पावती संस्थाच देईल. संस्थेकडे ८०जी, म्हणजे देणगीवर आयकरात मिळणारी सवलत, आहे का, आधी विचारा. रोख २,००० रुपयांच्या वर दिले तर ती सवलत मिळत नाही, आणि नव्या करप्रणालीत तर ती नाहीच. देणाऱ्याला हे आधीच सांगितलेलं बरं. तुमचं राहणं-खाणं, टेम्पोचं डिझेल देणगीतून जाणार की तुम्ही भरणार, तेही संदेशात स्पष्ट लिहा. हा प्रश्न सगळ्यांच्या मनात असतो, विचारत कुणी नाही.

काकडीची कोशिंबीर:
पहिली पावती नणंदेच्या नावाने फाडा. पैसे दिले की प्रश्न बंद होतात.

मीठभाकर:
😀 नणंदेला लिंक पाठवली. "बघते" म्हणाल्या.

गोधडीताई, सीट बघितली, खरंच उंच होती. हिमोग्लोबिन उद्या. खर्डेघाशी, खर्चाचं विचारलं. राहणं-खाणं आम्ही भरायचं, टेम्पो एका सभासदाचा आहे. तसं लिहूनच संदेश पाठवते.

पंक्चरवाले दादा, साडेपाचवरून गटात वाद सुरू केलाय, दोघं माझ्या बाजूने आहेत. एक शंका: ट्यूब किती न्यायच्या? आणि माझ्या चाकाचा वॉल्व्ह मोटरसायकलसारखा जाड आहे, तो बदलावा का?

पंक्चरवाला:
बदलू नका. जाड वॉल्व्हला रस्त्यावरच्या कुठल्याही पंक्चरवाल्याकडे हवा मिळते, बारीकवाल्यांना अडॅप्टर शोधत फिरावं लागतं. ट्यूब दोन सीटखालच्या पिशवीत, दोन टेम्पोत. त्यावर तुमचं नाव लिहा, नाहीतर साताऱ्यातच कुणीतरी घालून मोकळा होईल. तिसरा माणूस बाजूला आला की सांगा.