न्यूझीलंड: ताईकडे मुक्काम आणि मधले तीन आठवडे सॅक पाठीवर. व्हिसा, सामान, हट (ट्रेकच्या वाटेवरची मुक्कामाची घरं) याबद्दल माहिती हवी

घोडबंदर_रोड:
फेब्रुवारीत मी आणि नवरा पाच आठवडे न्यूझीलंडला जातोय. सख्खी ताई ऑकलंडला असते, तिथली रेसिडेंट आहे. पहिला आणि शेवटचा आठवडा तिच्याकडे, मधले तीन आठवडे साउथ आयलंडमध्ये ट्रेकिंग. सह्याद्रीत मुक्कामी ट्रेक नेहमीचे आहेत.
व्हिसाला ताईचं पत्र पुरेल का? तिची यादी आली आहे: गोडा मसाला, मेतकूट, आईचे बेसनलाडू, कढीपत्ता, आमसुलं. यातलं काय नेता येतं? बूट, तंबू, स्टोव्ह इथून न्यावेत का? रूटबर्न आणि एबल टास्मन हे दोन्ही ट्रेक करायचे आहेत, त्यासाठी गाडी लागेल का?

सीवूड्सकर:
नुसतं पत्र पुरत नाही. पैशाचा नियम माणशी दरमहा १००० न्यूझीलंड डॉलर, राहण्याची सोय आधीच झालेली असेल तर ४००. ताई रेसिडेंट आहे, म्हणजे ती रीतसर स्पॉन्सर होऊ शकते, पण तुमचा खर्च तुम्हीच करणार असाल तर तुमची बँक स्टेटमेंट, पगाराच्या स्लिपा, आयटीआर आणि ऑफिसचं रजेचं पत्र हेच जास्त कामाचं. तीन आठवडे फिरणार हे लपवू नका. ‘बहिणीकडे राहणार’ एवढंच लिहिलं आणि सोबत हटचं बुकिंग जोडलं, तर अर्जात मेळ बसत नाही. तारीखवार कार्यक्रम एका पानावर द्या.
सातबारा किंवा मराठीतला कुठलाही कागद जोडणार असाल तर त्याचं प्रमाणित इंग्रजी भाषांतर हवं. पासपोर्ट परतीच्या तारखेनंतर किमान तीन महिने चालणारा असावा. आणि तिकीट काढण्याआधी एक बघा: सिडनी किंवा मेलबर्नवरून जात असाल तर भारतीय पासपोर्टला ऑस्ट्रेलियाचा ट्रान्झिट व्हिसा लागतो. तो फुकट मिळतो, पण वेळेत काढावा लागतो. सिंगापूरवरून गेलात तर ही भानगड नाही.

कोपरी_पूर्व:
सामानाचं नीट समजून घ्या, कारण लोक नेमके इथेच अडकतात. न्यूझीलंडची शेती, गुरं आणि जंगल बाहेरच्या किडी-रोगांपासून जपलेली आहेत, त्यामुळे विमानतळावरची तपासणी फार कडक असते. खाण्याची प्रत्येक वस्तू जाहीर करायची. जाहीर केली आणि चालली नाही, तर ती काढून घेतात, दंड नाही. जाहीर न करता सापडली तर जागेवर ४०० डॉलर. ‘पाकीट आईने बॅगेत टाकलं, मला माहीतच नव्हतं’ हे ऐकून घेत नाहीत.
ताईची यादी: गोडा मसाला आणि मेतकूट दुकानातलं, सीलबंद, घटकपदार्थ इंग्रजीत छापलेलं घ्या. घरी दळलेलं असेल तर त्यात काय आहे ते तिथल्या अधिकाऱ्याला कळायला मार्ग नसतो. आमसुलंही सीलबंदच. शेवटी काय सोडायचं ते तो अधिकारीच ठरवतो. कढीपत्ता नको. तुपातले लाडू, पेढे, खवा काहीच नको. मध तर अजिबात चालत नाही. रवा, पोहे, डाळी इथून ओझं करून नेण्यात अर्थ नाही, ऑकलंडच्या सँडरिंगहॅम भागात भारतीय किराणा भरपूर आहे.
प्रवासाचं डिक्लरेशन ऑनलाइन भरायचं असतं, निघण्याआधीच्या २४ तासांत. सरकारी साइटवर ते मोफत आहे. पैसे मागणारी साइट दिसली की ती बंद करा.
आता बूट. येऊर-माहुलीची लाल माती तळव्याच्या खाचांमध्ये घट्ट बसते, नुसत्या नळाखाली धरून निघत नाही. लेस आणि आतली सोल काढा, खाचा जुन्या टूथब्रशने आणि टाचणीने कोरा, साबणाने धुवा, दोन-तीन दिवस पूर्ण वाळवा. गेटरच्या (बुटावरून पोटरीला बांधायच्या कापडी पट्ट्यांच्या) वेल्क्रोत कुसळं अडकतात, ती चिमट्याने एकेक काढा. तंबूचे खुंटे आणि तळाचं कापड पण तसंच. बूट आणि तंबू वापरलेले आहेत हे जाहीर करा आणि बॅगेत सगळ्यात वर ठेवा.
स्टोव्ह न्या, पण इंधनाचा वासही यायला नको. गॅसचा डबा विमानात चालत नाही, देशांतर्गत विमानातही नाही. आटे असलेला, डब्यावर फिरवून बसवायचा स्टोव्हच न्या, तसे डबे तिथे सहज मिळतात. २३० ग्रॅमचा डबा दोघांना साधारण चार-पाच दिवस पुरतो.

बेलापूर_ट्रेकर:
हटबद्दल. रूटबर्न साधारण ३२ किलोमीटर, एबल टास्मन कोस्ट ट्रॅक ६०. दोन्ही ग्रेट वॉक (तिथल्या सगळ्यात नावाजलेल्या वाटा) आहेत, म्हणजे हट आधी बुक केल्याशिवाय मुक्काम नाही, आणि साध्या हटसाठीचा बॅककंट्री हट पास तिथे चालत नाही. ६ फेब्रुवारीला वायटांगीची राष्ट्रीय सुट्टी असते, त्याच्या मागेपुढे जागा मिळणं कठीण. बुकिंगची साइट मात्र रोज बघत राहा, रद्द झालेल्या जागा सुटतात.
रूटबर्नच्या हटमध्ये सीझनला गॅसची शेगडी असते, भांडी नसतात. एबल टास्मनच्या हटमध्ये शेगडीही नसते, म्हणून तिथे स्टोव्ह लागेलच. गाद्या दोन्हीकडे आहेत, स्लीपिंग बॅग आपली. हट मिळाले तर तंबू घरी ठेवा, पाठीवरचं दोन-अडीच किलो वजन वाचेल.
एबल टास्मनमध्ये आवारोआची खाडी ओलांडावी लागते. ओहोटीच्या दीड तास आधीपासून दोन तास नंतरपर्यंतच ती पार करता येते, भरतीच्या वेळी दुसरी वाट नाही. म्हणून आधी भरती-ओहोटीचं वेळापत्रक, मग हटच्या तारखा.
गाडी: दोन्ही ट्रेकच्या दिवसांत ती नुसती उभी राहील. रूटबर्नच्या दोन टोकांमध्ये रस्त्याने ३०० किलोमीटरहून जास्त अंतर आहे, शटल बसच सोयीची. एबल टास्मनला वॉटर टॅक्सीने परत या. नेल्सन (एबल टास्मनजवळचं) ते क्वीन्सटाउन (रूटबर्नजवळचं), वेस्ट कोस्टच्या रस्त्याने, तेवढे दिवस मात्र गाडी घ्या. आपल्यासारखंच डावीकडून चालवायचं. एकपदरी पुलावर लहान लाल बाण तुमच्या दिशेचा असेल तर थांबायचं आणि समोरच्याला आधी जाऊ द्यायचं. लायसन्सवर काही मजकूर मराठीत असेल तर इंटरनॅशनल ड्रायव्हिंग परमिट काढा. आरटीओच्या सारथी साइटवर अर्ज, फॉर्म ४ए, फी १००० रुपये, मुदत एक वर्ष.

घोडबंदर_रोड:
खूप आभार. लाडू रद्द, आईला सांगते. पावसाचं काय? फेब्रुवारी म्हणजे तिथला उन्हाळा ना?

बेलापूर_ट्रेकर:
उन्हाळा आहे, पण रूटबर्नच्या बाजूच्या फियोर्डलँड भागात पावसाला महिना नसतो. तिथल्या मिलफर्ड साउंडला वर्षाला सहा हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. आपल्याकडे भिजलं तरी अंग गरम राहतं, तिथे वाऱ्यात भिजलेला सुती टी-शर्ट अंगावर राहिला तर हायपोथर्मियाचा धोका. अंगाला लोकरीचा किंवा सिंथेटिक थर, वर फ्लीस, त्यावर खरोखर पाणी अडवणारं जॅकेट. पाँचो वाऱ्यात उडतो, तो नको. पूल नसलेल्या ओढ्याचं पाणी गढूळ झालं, तळाचे दगड घरंगळण्याचा आवाज आला किंवा प्रवाह तुमच्या चालीपेक्षा वेगात असला, तर उतरायचं नाही. पाऊस थांबला की बहुतेक ओढे काही तासांत ओसरतात, तोवर थांबा. त्यासाठी एक दिवसाचं जादा खाणं सॅकमध्ये हवंच.
मोबाइलला रेंज नसते. पर्सनल लोकेटर बीकन (संकटात उपग्रहामार्फत बचाव पथकाला आपली जागा कळवणारं यंत्र) भाड्याने मिळतो, तो घ्या. कुठल्या हटला कधी पोचणार आणि किती वाजेपर्यंत फोन आला नाही तर १११ ला (तिथला आपत्कालीन नंबर) कळवायचं, हे ताईला लिहून द्या.

सीवूड्सकर:
विम्याचं राहिलं. तिथे अपघाताने झालेल्या दुखापतीवर पाहुण्यांनाही एसीसी या सरकारी योजनेतून उपचार मिळतात. आजारपण आणि भारतात परत आणण्याचा खर्च त्यात नाही. पॉलिसी घेताना मुक्कामी ट्रेकिंग त्यात धरलं आहे का, ते एजंटकडून ईमेलवर लेखी घ्या. रोजची औषधं असतील तर तीन महिन्यांपुरतीच न्या, मूळ पाकिटात, डॉक्टरांच्या इंग्रजी चिठ्ठीसह, आणि तीही डिक्लरेशनमध्ये लिहा.